तीन पडद्यांची झीज

जुन्या वस्तूची किंमत ठरविणे हा एका परीने इतिहासलेखनाचाच व्यवहार आहे. वस्तू कोणी घडविली, ती कोणाच्या हाती होती, तिच्यासारख्या आणखी किती उरल्या आहेत, असे प्रश्न त्यात विचारले जातात. वस्तू आज काय करू शकते, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि पुष्कळदा येतच नाही. वाद्यांच्या बाबतीत ही विसंगती विशेष जाणवते. वाद्य ही केवळ पाहण्याची वस्तू नव्हे. ते वाजते किंवा वाजत नाही. तरीही जुन्या वाद्यांचा बाजार कानापेक्षा नावावरच अधिक चालतो, आणि म्हणूनच त्याच्या एखाद्या कोपऱ्यात काही चांगली वाद्ये अल्प मोलात पडून राहतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत जपानमध्ये घडलेल्या पोलादी तारांच्या साध्या गिटारी या अशा वाद्यांपैकी होत.

टोकियोत अशा गिटारी पाहायच्या तर ओचानोमिझूला जावे लागते. ओचानोमिझू या नावाचा अर्थ चहाचे पाणी. एदो काळात येथील एका मठातील झऱ्याचे पाणी शोगुनच्या चहासाठी नेले जात असे, अशी या नावामागची कथा. आज तेथील स्थानकातून बाहेर पडून उतार धरला, की दुतर्फा गिटारींची दुकाने लागतात. आणि उतार संपतो तेथून जिम्बोचो हा जुन्या पुस्तकांचा प्रसिद्ध बाजार सुरू होतो. जुनी वाद्ये आणि जुनी पुस्तके यांचा हा शेजार अर्थपूर्ण आहे. दोहोंचे गिऱ्हाईक एकाच जातीचे असते: खिशात मर्यादित पैसे आणि हाती भरपूर वेळ असलेले.

या उतारावर काही शनिवार एक मराठी गृहस्थ येत असे. टोकियोच्या पूर्वेकडील निशि-कसाई या भागात २००० च्या सुमारास संगणकक्षेत्रातील भारतीयांची वस्ती वाढली. हा तेथलाच, पन्नाशी ओलांडलेला. महाविद्यालयात असताना त्याला गिटार हवी होती. पण घरात दोन बहिणींची लग्ने व्हायची होती, तेव्हा ती मागण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे नोकरी, संसार, परदेश यांत ती इच्छा मेली नाही, नुसती मागे पडली. आता ती पुरी करायची, तर तीस हजार येनांच्या आत, असे त्याने ठरविले होते. नवी गिटार या पैशांत मिळाली असती. परंतु त्याला हवी होती ती त्याच्या तरुणपणीच्या काळातली. जणू त्या वेळी न घेतलेली वस्तू आज उशिरा का होईना घ्यावी, असा त्याचा मनोव्यापार असावा.

अशा गिटारी इतक्या स्वस्त का, याचे उत्तर त्यांच्या जन्मकथेत आहे. हामामात्सु येथील निप्पोन गाक्की, म्हणजेच पुढची यामाहा, या कंपनीने १९६६ मध्ये एफजी मालिकेच्या पहिल्या दोन गिटारी बाजारात आणल्या. अमेरिकेतील लोकगीतांच्या चळवळीचे वारे तेव्हा जपानी विद्यार्थ्यांपर्यंत पोचले होते. १९६९ च्या वसंत ऋतूत टोकियोच्या शिंजुकू स्थानकाच्या पश्चिम दारी, भुयारी चौकात, शनिवारी संध्याकाळी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात गिटारीवर गाणी म्हटली जाऊ लागली आणि ती ऐकायला हजारोंची गर्दी लोटू लागली. जुलै महिन्यात तेथील पाट्या बदलण्यात आल्या. ‘भुयारी चौक’ हे शब्द गेले आणि ‘भुयारी मार्ग’ हे शब्द आले. चौकात माणसे थांबू शकतात. मार्गावर थांबणे म्हणजे अडथळा. एका नामाच्या बदलाने गाण्याला हुसकावून लावल्याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिफू प्रांतातील साकाशिता या डोंगराळ गावी लोकगीतांचा मोठा मेळावा भरला. ताकामिने गिटारींचा कारखाना याच गावचा.

मागणी वाढली तसे कारखाने वाढले. नागानो प्रांतातील मात्सुमोतो हे त्याचे एक प्रमुख केंद्र. तेथे लाकूडकामाची परंपरा होती आणि सुतारकामातील कुशल हात उपलब्ध होते. तेथील मात्सुमोकू ही कंपनी तर शिवणयंत्रांची लाकडी कपाटे करीत असे. तीच पुढे गिटारी घडवू लागली. त्या काळच्या अनेक जपानी गिटारींच्या क्रमांकातच किंमत दडलेली असे. मॉरिस या नावाची डब्ल्यू-३० म्हणजे तीस हजार येनांची. आज ओचानोमिझूच्या दुकानात तशाच एखाद्या गिटारीला लावलेल्या चिठ्ठीवरचा आकडा तिच्या क्रमांकातील आकड्याच्या आसपासच असतो. मधल्या पन्नास वर्षांत पगार वाढले, घरभाडी वाढली, चहा महागला. ही मात्र जेथल्या तेथे राहिली.

विपुलता हे या स्वस्ताईचे पहिले कारण. घरोघरी गिटारी आल्या, त्यांतल्या पुष्कळ थोडे दिवस वाजल्या आणि माळ्यावर गेल्या. दुसरे कारण लाकडाचे. स्वस्त नमुन्यांची तबली एकसंध फळीची नसून पातळ थर चिकटवून केलेली असे. अशा तबलीचा नाद एकसंध लाकडाइतका खुलत नाही. पण ती सहजी तडकतही नाही. तिसरे कारण अधिक खोल आहे. या गिटारी नकला होत्या. अमेरिकेतील मार्टिनसारख्या ख्यातनाम कंपन्यांच्या गिटारींचे आकार, नक्षी आणि कधीकधी अक्षरांचे वळणही त्यांनी उचलले. १९७७ मध्ये गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने आयबानेझ गिटारींच्या अमेरिकेतील वितरकावर फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. तो पुढे आपसांत मिटला. वाद होता विजेवरच्या गिटारींच्या शिरोभागाच्या आकाराचा. परंतु ‘दाव्याच्या काळातली’ हे विशेषण विक्रेत्यांना असे काही आवडले, की त्या दाव्याशी कसलाही संबंध नसलेल्या साध्या गिटारींनाही ते चिकटवून भाव वाढविला जातो. घेणाऱ्याने या शब्दाला भुलू नये.

नकलेचा हा डाग कितपत खरा मानावा, हा प्रश्न केवळ वाद्यांचा नाही. केशवसुतांनी इंग्रजीतले सॉनेट मराठीत आणले तेव्हा त्याचा सांगाडा परकाच होता. पुढे त्याचे सुनीत झाले आणि त्यातले परकेपण कोणाला आठवेनासे झाले. वाद्यांच्या बाबतीत तर याचा पुरावा महाराष्ट्राच्या रस्त्यावरच आहे. १९१२ मध्ये नागोया येथे मोरिता गोरो यांनी तारा आणि टंकयंत्रासारख्या कळा यांचा मेळ घालून ‘ताइशोगोतो’ हे सोपे, स्वस्त वाद्य तयार केले. ते भारतात आले आणि बुलबुलतरंग झाले. मुंबईत त्याला वीज जोडली गेली आणि बेंजो हे नाव घेऊन ते वरातींत व गणपतीच्या मिरवणुकांत शिरले. ते जपानी आहे असे आज कोणाच्या मनातही येत नाही. नक्कल ही बहुधा शिकण्याची पहिली पायरी असते. ती तेथेच थांबली तर नक्कल. कोणी प्रामाणिकपणे वापरीत राहिले तर वस्तू हळूहळू वापरणाऱ्याची होते.

गृहस्थाच्या मर्यादेत बसणाऱ्या दोन गिटारी अखेरीस त्याच्यापुढे आल्या. पहिली अठ्ठावीस हजारांची. झळाळती, जवळजवळ ओरखडा नसलेली. तिची पाठ आणि बाजू भारतीय शिसवीच्या. १९६० च्या दशकात ब्राझीलचे शिसवी लाकूड दुर्मिळ होऊ लागले, १९६९ मध्ये मार्टिननेही भारतीय शिसव स्वीकारला आणि जपानी कारखान्यांतही तो रुळला. पाठीवरचे ते जांभळट-तपकिरी पट्टे पाहताच गृहस्थाला आजोळच्या माजघरातला शिसवी झोपाळा आठवला. दूर देशी एका दुकानात आपल्या रानातले लाकूड भेटावे, हा योग त्याला सांकेतिक वाटला, आणि ते स्वाभाविकच होते.

दुसरी अठरा हजारांची. तिच्या कारखान्याचे नाव आता कोणी घेत नाही. तबली थरांची, पाठीवर बोटभर चरे, खुंट्यांवरचा मुलामा उडालेला.

जुनी गिटार पाहण्याची काही साधी पथ्ये आहेत. सहा पोलादी तारा मिळून मानेवर सुमारे सत्तर किलोंचा ताण देतात, आणि तो दिवसरात्र चालू असतो. चाळीस-पन्नास वर्षांत त्याने मान पुढे झुकते, घोडीमागची तबली फुगते. म्हणून बाराव्या पडद्याशी तार किती उंच आहे हे पाहावे. अडीच-तीन मिलिमीटर ठीक, त्याहून पुष्कळ अधिक असेल तर बोटे दुखतात आणि सूर चढतो. तार उंच असेल तर घोडीवरचे हाड घासून ती खाली आणता येते; पण हाड आधीच घासून संपले असेल तर मान सांध्यातून उकलून नव्या कोनात बसविण्यावाचून उपाय नसतो, आणि त्याची मजुरी अशा गिटारीच्या किमतीहून अधिक होते. घोडीखाली कागदाची चिठ्ठी सरकत नाही ना, हे पाहावे. आत डोकावून शिक्का वाचावा. गिफूतील यायरी यांच्या गिटारींवर कालगणना शोवा या सम्राटकालाची असते. त्या आकड्यात १९२५ मिळविले की इसवी सन मिळतो. शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळविण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे गणित अवघड नाही.

गृहस्थाने पट्टी लावली. शिसवी गिटारीची तार बाराव्या पडद्याशी जवळजवळ पाच मिलिमीटर उंच होती आणि हाड घासून घासून घोडीला टेकले होते. म्हणजे तिचा उपाय पूर्वीच कोणीतरी वापरून टाकला होता. ती फारशी वाजली नव्हती; तिचे पडदे नवे दिसत होते. तारा न उतरवता ती वर्षानुवर्षे कोठेतरी उभी राहिली असावी. सौंदर्य शाबूत राहिले आणि मान गेली. चरे पडलेल्या गिटारीची मान सरळ होती, हाड पुरेसे उंच होते. तिच्या पहिल्या तीन पडद्यांवर मात्र, तारांच्या खाली, खोल खाचा पडल्या होत्या. चौथ्या पडद्यापासून पुढचे सारे पडदे जवळजवळ कोरे.

या झिजेत एका अनोळखी माणसाचे चरित्र होते. पहिल्या तीन पडद्यांवर ज्यांचे स्वरमेळ बसतात, तेवढीच गाणी तो वाजवीत होता. आणि ती काही थोडी नसतात, लोकगीतांना सहसा याहून अधिक लागत नाही. तो निष्णात वादक नव्हता. पण त्याने ती इतकी वर्षे हातावेगळी केली नाही, की धातूला खाच पडली. मालकाने वर्षानुवर्षे केलेली ही मेहनत बाजाराच्या भाषेत दोष ठरते आणि त्यापायी किंमत उतरते.

गृहस्थ त्या दिवशी काही न घेता परतला. पुढच्या शनिवारी येईपर्यंत शिसवाने त्याचा पिच्छा सोडला नव्हता. आजोळ, झोपाळा, परक्या मुलखातली भेट हे सारे खरे होते. पण ते लाकडाविषयी होते, वाद्याविषयी नव्हते. शिसवी गिटार त्याने घेतली असती तर भिंतीवर टांगली असती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिची गोष्ट सांगितली असती. तरुणपणी न मिळालेल्या वस्तूची स्मृती त्याच्यापाशी तीस वर्षे होतीच. तिला आणखी एक देखणी चौकट मिळाली असती, इतकेच. त्याने अठरा हजार मोजले आणि चरे पडलेली गिटार उचलली.

तारा बदलताना दुरुस्तीवाल्याने सांगितले, की पहिले तीन पडदे आज ना उद्या नवे घालावे लागतील. खाचांमुळे तार कोठे खरखरते का, हे त्याने वाजवून पाहिले. अद्याप खरखरत नव्हती. तेव्हा ते काम पुढे ढकलले गेले. निशि-कसाईतल्या छोट्या घरात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडकी लावून, गृहस्थ रोज संध्याकाळी अर्धा तास बसतो. बोटांच्या टोकांना घट्टे पडू लागले आहेत. त्याची बोटे अजून तिसऱ्या पडद्यापलीकडे गेलेली नाहीत.