चाराचा द, चाराचा म

*
कोल्हापूर. मिरजकर तिकटी. सिग्नलला पुढं एक बुलेट. नंबर चार-एक-चार-एक, इंग्रजी आकड्यांत. रंगवणाऱ्यानं चाराची शेपूट वळवली, एकाचा काना केला, वर शिरोरेघ ओढली. झालं ‘दादा’. दोन-एक-चारचा ‘राम’ होतो तोही असाच. तोच चार इथं द, तिथं म.

*
हे नियमात बसत नाही, हे दादालाही ठाऊक आहे. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, लावूनच येते. जुन्या गाड्यांनाही आता सक्ती. साच्यातून उठवलेले आकडे. त्यानं चोर सापडेल; दादा नाही सापडायचा.

*
या गावात ‘पेंटर’ हे आडनाव झालं. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. सिनेमाची पोस्टरंही ते स्वतः रंगवत.

*
पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरना विचारलं, आधी काय काढता? त्यांनी खडू लावलेली दोरी ताणून भिंतीवर झटका दिला. “ही रेघ. अक्षरं मग हिला टांगायची बघा.” शाळेत आम्ही रेघ शेवटी मारायचो.

*
‘तालीम’मधला ल. रंगवलेल्या पाटीवर त्याला दोन पाकळ्या. शेजारच्या फ्लेक्सवर तोच ल हिंदी वळणाचा, दांडीला टेकलेला. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श, असं शासनानं २००९ मध्येच ठरवलं. फ्लेक्सवाल्याच्या संगणकाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

*
२०२२ मध्ये कायदा आला: दुकानाच्या पाटीवरचं मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. आमच्या गल्लीतल्या कापडवाल्यानं तो तंतोतंत पाळला. ‘मेन्स वेअर’, हातभर उंच देवनागरीत.

*
हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे संगणकी टंक करवले. टंकांना नावं त्या त्या पेंटरांचीच दिली. मला त्या कामातलं हे सगळ्यात आवडलं.

*
वाढदिवसाचा फ्लेक्स. वर ‘नाद खुळा’, खाली शुभेच्छुक मोजले: सव्वीस, फोटोंसकट. अक्षर कुणाचं, ते कुठंच नाही.

*
पावसाळी वाऱ्यानं तोच फ्लेक्स एका बाजूनं फाटलाय. मागं तालमीची जुनी रंगवलेली भिंत. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पेंटर’ एवढंच वाचता येतं. पुढचं नाव पोपड्यांबरोबर गेलं.