हिशेब पाण्यात सोडताना

आषाढी एकादशी आटोपली की पंढरपूरहून शेगावला परतणारी श्री संत गजानन महाराजांची पालखी मेहकरहून आमच्या जानेफळला येते. दर्शनासाठी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांत कधी काळी वारी चाललेले आणि आता काठीवाचून उंबरा न ओलांडणारे बरेच जण असतात. पाय थकले, उपवास झेपेना. मग देवाची आज्ञा आता पाळावी कशी, हा त्यांचा प्रश्न असतो. कदाचित तो आपलाही असेल.

आमच्या घरी तो सासूबाईंच्या निमित्ताने उभा राहिला. वय 82, मधुमेह जुना, अर्धांगवायूने उजवे अंग दुबळे झालेले. तरीही एकादशीला पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, हा निश्चय कायम. आजारपण म्हणजे देवाने पाहिलेली परीक्षा. तीत नेम मोडला तर आजवरचे सारे पुण्य वाया जाईल, ही त्यांची भीती. डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. साखर उतरवणारे औषध किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बोलण्यातला गोंधळ ही तिची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांचा हा इशारा सासूबाईंना पटला. मन मात्र राजी होईना. तेव्हा मी त्यांना तुकोबांची हकिगत सांगितली. सन 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी देहूच्या पडझड झालेल्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार केला. परंपरा सांगते, की घरातल्या कर्जखतांचा अर्धा वाटा त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबांना दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. ज्या काळात एकेक दाणा मोलाचा होता, त्याच काळात त्यांनी आपले येणे सोडून दिले. संकटातली शुद्धी मला इथे दिसते. देहाला आणखी पीडा देण्यात ती नाही. ‘माझे इतके येणे आहे’ हा हिशेब मिटवण्यात आहे.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मंग माही वही बी बुडव. पण तुळशीचं पान तेवढं दे पहिले.” त्या एकादशीला त्यांनी तुळशीपत्र मुखी घेतले, वेळेवर भगर खाल्ली, गोळी घेतली आणि पडल्या पडल्या हरिपाठ म्हटला.

शुश्रूषा करणाऱ्यांचीही एक वही असते. कोण किती रात्री जागले, कोणी नुसती फोनवर चौकशी केली, याच्या नोंदी मनात वाढत जातात. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत मग्न होता, म्हणून देव विटेवर थांबला, असे आपण ऐकत आलो आहोत. अंथरुण बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून वेळोवेळी कूस पालटून देणे, हेही त्याच सेवेचे रूप आहे. मात्र वही बुडवणे म्हणजे सारा भार एकट्याने वाहणे नव्हे. कटुता न ठेवता भावंडांकडे मदत मागावी, स्वतःची झोप सांभाळावी.

म्हणून आपल्याला इतकेच सुचवावेसे वाटते. आजार ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असे रुग्णाला भासवू नका. पुढच्या एकादशीपूर्वी फराळ आणि औषध यांचा मेळ डॉक्टरांना विचारून बसवा. ज्येष्ठांचा नेम मोडून काढण्याऐवजी त्याला झेपेल असे रूप द्या. आणि ते रूप निवडण्याचा मान त्यांचा त्यांनाच राहू द्या.