गाडीचा जोड

मुठा नदीच्या खोऱ्यांत आमचें गांव आहे. नदीचें नांव तेंच गांवाचें. एकीकडे टेमघरचें धरण, दुसरीकडे पिरंगुटास जाणारा मुठा घाट, आणि मध्यें आमचीं भाताचीं खाचरें. आजोबांच्या काळीं भाताचीं पोतीं बैलगाडींतून जात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत वडिलांनीं एक जुना ट्रॅक्टर घेतला. त्यास ट्रॉली जोडण्याचा हूक मात्र नव्हता. तो घरींच अंगणांत बसवावयाचें ठरलें, आणि पाने हातांत देण्याचें काम माझ्याकडे आलें.

काम दिसावयास लहान होतें. मागील बाजूचा गंज व चिखल खरवडून काढला, हुकाची जाड पट्टी मूळच्या छिद्रांशीं जुळविली, चारहि बोल्ट प्रथम हातानेंच फिरविले व मग समोरासमोरचे असे आळीपाळीनें आवळले. एकच बोल्ट आधीं पुरता आवळला तर पट्टी तिरपी बसते, आणि पुढें सारा ताण त्या एकावर येतो.

हुकाच्या उंचीवरून मात्र वाद झाला. दगडधोंड्यांस लागूं नये म्हणून तो वर असावा, असें चुलत्यांचें म्हणणें. वडिलांनीं तें मानलें नाहीं. ओढ मागील चाकांच्या आंसाच्या वरून लागली, कीं ट्रॅक्टरचें तोंड उचलतें व चढावर तो चालकासह मागें उलथतो. परदेशांतहि नांगर ओढतांना ट्रॅक्टर उलथून पुष्कळ माणसें दगावलीं. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनीं अवजार तीन दुव्यांनीं जोडण्याची जी युक्ति काढली, व जी १९३९ पासून हेन्री फोर्ड यांच्या ट्रॅक्टरांवर आली, तिनें हा धोका बराच कमी झाला. आमचा हूक आंसाच्या खालींच बसला.

आजोबा ओट्यावरून पाहत होते. "ही गाडीहि उलाळ होते काय रे?" त्यांनीं विचारलें. बैलगाडींत मागें ओझें वाढलें, कीं जूं वर उचलतें व जोत्यांनीं बैलांचा गळा आवळतो. पुढें वाढलें, तर त्यांची मान दबते. दोनचाकी ट्रॉलीचेंहि तसेंच आहे. थोडा भार हुकावर यावाच लागतो. नाहींतर ती मागें हेलकावे खाते. पोतीं कशीं रचावीं, हें मग आजोबांनींच सांगितलें.

शेवटीं खीळ राहिली. ती वरून घालतात, म्हणजे खालची क्लिप पडली तरी ती आपल्या वजनानें जागीं राहते. कडींत ती किंचित् सैलहि असावी लागते, नाहींतर वळणावर लोखंड मोडतें. शेजारच्या एका गांवीं खिळीऐवजीं साधा बोल्ट घातला होता. चढावर तो तुटला आणि भरलेली ट्रॉली उलटी धांवली. सुदैवानें मागें कोणी नव्हतें. ही हकीकत निघतांच आई म्हणाली, "आणि शाळेंतून येणारीं पोरें असतीं तर?" कोणीच बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं पौडाहून जाड साखळी आणली; खीळ तुटली तरी ट्रॉली सुटूं नये, म्हणून.

आतां घाट चढण्यापूर्वीं वडील खालीं उतरून खीळ, क्लिप व साखळी हातानें चांचपून पाहतात. त्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. ओढणाराचें बळ साऱ्या जगास दिसतें. परंतु ज्याच्या भरंवशावर मागून लोक निर्धास्त चालतात, तो जोड वांकून पाहिल्याखेरीज दिसत नाहीं.