तलावाच्या पाळीवरून

आमचा एक पुतण्या गेलीं चार वर्षें फ्रान्स देशांत तुलूझ शहरीं नोकरीस आहे. तेथील हवेविषयीं, पगाराविषयीं किंवा लग्नाच्या विचाराविषयीं तो चकार शब्द काढीत नाहीं. परंतु रोज सकाळीं आपण कोठून कोठवर धांवलों, हें मात्र सविस्तर कळवितो. त्या शहरांतून एक जुना कालवा निघतो. १६६६ ते १६८१ या वर्षांत तो खणला गेला, आणि भूमध्यसमुद्रालगतच्या खाडीपर्यंत त्याची लांबी सुमारें २४० किलोमीटर भरते. पूर्वीं कालव्यांतील नावा घोडे ओढीत नेत; त्या घोड्यांसाठीं कांठानें जी वाट ठेविली होती, तिच्यावरून आतां माणसें धांवतात. एका अंगास संथ पाणी, दुसऱ्या अंगास शेतें व द्राक्षांचे मळे, आणि डोक्यावर प्लेन वृक्षांची सावली. (ही सावलीही आतां विरळ होत चालली आहे, २००६ पासून त्या झाडांस बुरशीचा रोग लागून तीं हजारोंनीं तोडावीं लागलीं आहेत.) गेल्या दिवाळीस तो घरीं यावयाचा होता, तेव्हां त्यानें विचारलें, "काका, आपल्याकडे अशी एखादी धांवण्याजोगी वाट आहे का?"

प्रश्न वाचून आम्ही प्रथम हंसलों. आमचें मूळ घर गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील एका खेड्यांत. सभोंवार भाताच्या बांध्या. दोन बांध्यांमधील धुरा इतका अरुंद कीं, डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली तर आपणांस खालीं उतरावेंच लागतें. उरला डांबरी रस्ता. त्यावर पहांटेपासून धानाचे ट्रक सुरू होतात, आणि पायीं जाणाऱ्यासाठीं त्याला कड म्हणून ठेवलेलीच नाहीं. मग एकदम आठवलें, कीं लहानपणीं शाळेस उशीर झाला म्हणजे ज्या वाटेनें आम्ही जीव घेऊन पळत असूं, ती तर अजून जागच्या जागीं आहे. ती म्हणजे आमच्या तलावाची पाळ.

झाडीपट्टीबाहेरील वाचकांस येथें थोडें सांगितलें पाहिजे. या मुलखांत भात पिकत आला तो बराचसा तलावांच्या जिवावर. उतरत्या जमिनीवर मातीची आडवी पाळ घालावी, पावसाचें पाणी तिच्यामागें तुंबवावें, अधिक झालें तर सांडव्यानें सोडून द्यावें, आणि पावसानें ओढ दिली कीं तुडुमांतून खालच्या बांध्यांस पाजावें, अशी ही साधी युक्ति. कोहळी लोक या कामांत मोठे वाकबगार. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यांनीं बांधल्याचें सांगतात. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं पहिलीं अक्षरें जुळून त्यांस 'मामा तलाव' असें नांव पडलें. नांव आप्ताचें मिळालें खरें, पण भाचे तिकडे फारसे फिरकले नाहींत. कित्येक तलावांत गाळ सांचला, आणि पाळींवर बेशरमाचीं झुडुपें माजलीं.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही निघालों. पुढें पुतण्या, त्याच्या बरोबरीस आमची धाकटी पुतणी, आणि मागें सायकलवर आम्ही. कारण आमच्या गुडघ्यांनीं असहकार पुकारल्यास कांहीं वर्षें लोटलीं आहेत. दारांतच वहिनींनीं अडविलें. पुतण्याविषयीं त्यांचें कांहीं म्हणणें नव्हतें. "तो परदेशांत राहून आला आहे, त्याला सगळें शोभतें. पण हिनें गांवांतून पळत जायचें म्हणजे काय?" अखेर गांवांतून चालत जावें आणि पाळीवर चढल्यावर पळावें, अशी तडजोड झाली.

पाळीवर चढतांच पुतण्या थबकला. पाण्यावर धुकें बसलें होतें. खालच्या अंगास कांहीं बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या होत्या, आणि उभ्या धानांत फेंकलेली लाखोळी आतां तणसाच्या खुंटांमधून हिरवीगार वर आली होती. पायांखालीं मुरुमाची माती. डांबरासारखी ती पायाला उलटून मारीत नाहीं. कापणीस निघालेल्या बायांपैकीं एकीनें पुतणीस पाहून हांक दिली, "काहून धावतेस वो बाई? घरी सगळं ठीक आहे ना?" विनाकारण पळणें ही कल्पना इकडे अजून नवी आहे.

आम्ही असें म्हणतों न म्हणतों तोंच पाळीच्या दुसऱ्या टोंकाकडून सात-आठ मुली धांवत येतांना दिसल्या. कोणाच्या पायांत बूट, कोणाच्या पायांत कांहींच नाहीं. त्या मात्र विनाकारण धांवत नव्हत्या. पोलीसभरतीच्या शारीरिक चांचणींत मुलींस ८०० मीटर व मुलांस १६०० मीटर धांवावें लागतें. शिवाय १०० मीटरची धांव आणि गोळाफेक. दोन-चार बांध्यांच्या धन्याच्या घरांत एक मुलगी शिपाई झाली तर त्या घराचा हिशेब पालटतो, आणि तो पालट कांहीं सेकंदांवर टांगलेला असतो. पूर्वीं या मुली डांबरी रस्त्यावर धांवत. एका पहांटे अंधारांत एकीला गाडीचा धक्का लागून तिचा पाय मोडला, आणि सगळ्यांच्याच घरच्यांनीं धांवणें बंद केलें. तेव्हां चार रविवार विळे आणि कुऱ्हाडी घेऊन त्यांनीं पाळीवरचा बेशरम स्वतः तोडला, चुन्यानें आरंभाची व शेवटची खूण केली, आणि घरच्यांस आणून दाखविलें, कीं येथें गाडी चढूंच शकत नाहीं.

पुतण्यानें त्यांच्याबरोबर ती धांव पुरी केली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून तो घुटमळला. त्याच्या घड्याळांत अंतर ७६० मीटर दाखवीत होतें. मुलींनीं तें पावलांनीं मोजलें होतें. त्यांतील सर्वांत चपळ मुलीचें तोंड उतरलें. एवढे महिने आपण जो वेळ लावीत होतों तो ८०० मीटरांचा नव्हेच, हें तिच्या लक्षांत आलें. "घड्याळ चुकत असेल," आम्ही म्हणालों. घरीं जमीन मोजण्याची फीत होती. ती आणावयास कोणी जावें, हें ठरण्यापूर्वींच पुतणी पाळीवरून उतरून गांवाच्या दिशेनें पळत सुटली होती. तडजोड तेथेंच मोडली.

फितीनें घड्याळाच्याच बाजूनें कौल दिला. खूण ४० मीटर पुढें सरकवावयाची, तर तेथें सांडव्याच्या अलीकडे बेशरमाचें रान माजलेलें. पुतण्यानें कुऱ्हाड घेतली; तुलूझच्या त्याच्या वाटेवर असला प्रसंग कधीं आला नसावा, कारण तिसऱ्या घावास हाताला फोड आला. मुलींनीं ती त्याच्या हातून काढून घेतली.

त्याच्या तीन आठवड्यांच्या मुक्कामांत आम्हीं इतर वाटाही पाहिल्या. गोंदिया तालुक्यांत परसवाडा व झिलमिली येथील तलावांजवळची सकाळ हिंवाळ्यांत पाहण्यासारखी असते. महाराष्ट्रांत सारस पक्ष्यांची वस्ती आतां जवळजवळ याच जिल्ह्यापुरती उरली आहे, आणि माणसाएवढ्या उंचीचें तें जोडपें बांधींत चरतांना दिसलें तर धांवणाऱ्यानें चालावें, चालणाऱ्यानें थांबावें. नवेगांवबांधास कै. मारुति चितमपल्ली यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकामुळें पुष्कळ लोक श्रद्धेनें जातात. परंतु नवेगांव-नागझिरा हें २०१३ पासून व्याघ्रप्रकल्पाचें क्षेत्र आहे. त्या वनांत पायीं शिरण्याची मनाई असून ती योग्यच आहे. वनाच्या कडेच्या गांवरस्त्यांवरही सूर्य वर आल्यावांचून पाऊल टाकूं नये, आणि मोहफुलांच्या दिवसांत तर मुळींच नाहीं. कारण त्या वेळीं झाडाखालीं आपल्या आधीं अस्वल येऊन बसलेलें असण्याचा संभव असतो. पावसाळ्यांत पाळ निसरडी होते आणि गवतांत साप असतात. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम.

निघण्याच्या आदल्या दिवशीं पुतण्या पुन्हां पाळीवर गेला. नव्या खुणेपर्यंत ती चपळ मुलगी धांवली, आणि जुन्या वेळेपेक्षां तिला ११ सेकंद अधिक लागले. तिनें तो आंकडा मोबाईलमध्यें नोंदविला, दम घेतला, आणि चांचणीस अजून दोन महिने आहेत, असें म्हणून ती कापणीस गेली.

वहिनींच्या कानावर फितीची हकीकत त्याच दिवशीं गेली होती. खेड्यांत अशी बातमी माणसापेक्षां वेगानें धांवते. त्या दोन दिवस कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं पहांटे पुतणीच्या हातांत त्यांनीं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिला, आणि त्या पाय मोडलेल्या मुलीचें घर कोणतें, तें विचारलें.