लांबूनच गोळी का घालत नाहीत?



नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारला. तेव्हापासून आमच्या पिंपळवंडीत पारावर तोच विषय. मीही तावातावानं बोललो, "माणसं मरेपर्यंत वाट कशाला बघायची? दुर्बिणीची बंदूक घ्या, लांबूनच उडवा." रागाला कारण होतं. रात्रीच्या लायटीवर कांद्याला पाणी द्यायला माझा पोरगा जातो आणि बांधाला लागून ऊस उभा.

गावातले एक रिटायर फौजी ऐकत होते. ते म्हणाले, "अण्णा, गोफण फिरवलीय ना? गुळगुळीत गोटा अन् मातीचं ढेकूळ, लांब काय जातं?"

म्हणलं, गोटा. ढेकूळ लांब जात नाही, पण लागलं की फुटतं.

"गोळीचंही तसंच," म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. फौजेच्या गोळीत आत शिसं, वरून तांब्यासारख्या धातूचं कवच, टोक बंद आणि अणकुचीदार. ती वारा कापत लांब जाते, पण जनावराच्या आरपार निघते. पलीकडं कोणाचा गोठा आहे, कोणाची झोपडी आहे, ते तिला काय कळतंय! शिकारीच्या गोळीचं टोक उघडं ठेवतात, शिसं बाहेर दिसतं. लागली की ती फुलासारखी उमलते, जोर आतच खर्च होतो आणि जनावर जागेवर पडतं. कलकत्त्याजवळच्या दमदमला इंग्रजांनी अशी गोळी केली होती. १८९९ च्या हेग परिषदेत ती लढाईत वापरायची नाही असं ठरलं.

पण बोथट टोकाला वारा जास्त अडवतो. वेग लवकर मरतो, गोळी खाली बसते, वाऱ्यानं सरकते. आता प्लॅस्टिकचं टोक बसवून अणकुचीदार करतात, त्यानं नेम सुधारतो. तरी मुख्य अडचण राहतेच. उमलायला वेग लागतो. फार लांबून मारली तर नेम बरोबर बसूनही गोळी उमलत नाही, बारीक भोक पाडून जाते. बिबट्या मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतो. जखमी बिबट्या म्हणजे काय, ते आपल्या जुन्नर-आंबेगावात कोणाला सांगायला नको. त्यात मध्ये उसाचं कांडं आलं तरी गोळी दिशा बदलते.

बेशुद्धीच्या डार्टचं तर विचारूच नका. ती औषध भरलेली सिरिंजच, पुढं सुई, मागं गोंडा. हवेच्या दाबानं सुटते, वेग कमी. जोरात मारली तर जनावराचं हाड मोडेल. म्हणून तीस-चाळीस मीटरच्या आत जावं लागतं. लागल्यावरही औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात. पिंपरखेडलाही आधी डार्टच मारला होता. तो चुकला, बिबट्या अंगावर आला आणि मग गोळी घालावी लागली.

हे ऐकून मी गप्प बसलो. मी ज्याला भित्रेपणा म्हणत होतो, ते जवळ जाणंच खरं धाडसाचं काम निघालं.

माझा राग गेलेला नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला गोफणीचा हिशेब सांगून काय उपयोग? पण आपल्या हातातल्या गोष्टी तरी करू. वन खात्याची टीम आली की गर्दी, आरडाओरडा, मोबाईलचं शूटिंग बंद. गर्दीनं बिबट्या बिथरला की तीस मीटरवर कोण जाणार? डार्ट लागलेल्या किंवा जखमी बिबट्यामागं उसात कोणी शिरायचं नाही. आणि घरातली बंदूक काढायची नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय तो गुन्हा आहेच, शिवाय जखमी जनावर गावाच्या गळ्यात पडतं.

आज रात्री आमची पाण्याची पाळी आहे. पोराला एकट्याला पाठवणार नाही, मी सोबत जाणार. तुम्हीही दोघं-दोघं जा, बोलत जा, बॅटरी चालू ठेवा.