आमच्या नव्या फोनाची हकीकत

वाचकहो, धर्मगुरूने फोनासारख्या विषयावर लेखणी उचलावी याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. परंतु गेली दोन-तीन वर्षे आमच्या धर्मग्रामातील निदान दहा-बारा कुटुंबांनी "फादर, आम्ही कोणता फोन घ्यावा?" असा प्रश्न आम्हांस केला आहे, आणि प्रत्येक वेळी काहीतरी थातुरमातुर सांगून आम्ही त्यांची बोळवण केली आहे. या प्रश्नाचे आमच्यापुरते खरे उत्तर द्यावयाचे तर २०२३ च्या पावसाळ्यातील एक रात्र सांगावी लागते. आणि ती सांगण्याचा धीर आम्हांस आजवर होत नव्हता.

आमचे मिशनघर खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगास, जंगलपट्टीत आहे. इकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्याचे वर्णन नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांस ते करून पटणार नाही. जुलै-ऑगस्टात विजेच्या तारेवर झाड पडले की दोन-दोन दिवस दिवा लागत नाही. धर्मग्रामाच्या वाड्या दूरदूर पसरलेल्या. सर्वांत लांबची वाडी अकरा किलोमीटरांवर, तीही ओढ्यापलीकडे. पूर्वी माणूस आजारी पडले की कोणीतरी कंदील घेऊन धावत येई. आता फोन येतो. कंदील घेऊन येणारा माणूस दार ठोठावून आम्हांस उठवीत असे, ही गोष्ट त्या रात्रीपर्यंत आमच्या ध्यानी आली नव्हती.

त्या वेळी आमच्याजवळ पाच वर्षांचा जुना फोन होता. वीज गेल्याला दुसरा दिवस होता. निजण्यापूर्वी आम्ही पाहिले तेव्हा फोनात तीस टक्के शक्ती शिल्लक दिसत होती. तीस टक्क्यांत रात्र निघून जाईल असा हिशेब करून आम्ही तो उशाशी ठेवला आणि झोपी गेलो. पहाटे पाचच्या सुमारास दारावर थाप पडली. त्या लांबच्या वाडीचा एक तरुण मोटारसायकलवरून भिजत आला होता. त्याची आजी अत्यवस्थ होती. रात्री एकपासून तो आमचा फोन लावीत होता. शेवटी ओढ्याचे पाणी थोडे ओसरल्यावर तो स्वतःच निघाला. आम्ही उशाखालचा फोन काढून पाहिला. तो मृत होता. आम्ही तैलाची कुपी घेऊन तसेच त्याच्या पाठीमागे बसून गेलो. आम्ही पोहोचलो तेव्हा आजी जाऊन अर्धा तास झाला होता. "फादर येत आहेत का?" असे ती दोनदा विचारती झाली होती, असे तिच्या लेकीने सांगितले. त्या घरातील कोणीही आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. चहा दिला. तो चहा आम्हांस घशाखाली उतरविणे फार कठीण गेले.

पुढे आम्ही त्या फोनाचे निदान एका जाणत्या दुरुस्तीकाराकडून करून घेतले. वाचकांस ते उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. फोनातील लिथियमचा विद्युतघट वारंवार भरून-रिकामा होऊन म्हातारा होतो. त्याची साठवण कमी होते, एवढेच नव्हे, तर त्याच्या अंतरंगातील रोधही वाढतो. मग पडद्यावर तीस टक्के दिसत असतानाही, फोनाने एकाएकी जोराची ओढ घेतली की घटाचा दाब कोसळतो आणि फोन बंद पडतो. त्यात आमच्यासारख्या ठिकाणी मनोरा दूर. क्षीण लहर पकडून ठेवण्यासाठी फोन रात्रभर अधिक जोराने धडपडत राहतो. शहरात जो घट दीड दिवस पुरतो तो आमच्या दरीत एका दिवसात संपतो, याचे कारण हे आहे. दोष सर्वस्वी फोनाचा म्हणता येणार नाही. पाच वर्षे वापरलेल्या घटावर भरवसा आम्हीच ठेवला होता.

नवा फोन घेणे तर प्राप्तच झाले. कित्येकांनी सल्ला दिला की फादरांना साधा बटनांचा फोन पुरे; आठवडाभर चालतो, पडला तरी फुटत नाही. सल्ला मुळीच वाईट नव्हता. परंतु आमच्या कॉन्व्हेंटातील दवाखान्याच्या सिस्टर रुग्णाच्या जखमेचे वा जुन्या कागदाचे छायाचित्र आमच्या फोनावरून बेळगावच्या डॉक्टरांस पाठवितात, कारण त्यांच्या दवाखान्यात लहरच येत नाही आणि आमच्या ओसरीच्या पूर्व कोपऱ्यात ती येते. तेव्हा स्मार्टफोनावाचून गत्यंतर नव्हते.

बेळगावास खडेबाजारात जाऊन आम्ही दोन-तीन दुकाने पाहिली. मनात भरला तो सॅमसंगचा गॅलक्सी एम ३४. तो त्याच वर्षी जुलैत बाजारात आला होता आणि वीस हजारांच्या आत मिळत होता. त्याचा घट ६००० मिलिअँपिअर-तासांचा होता. हा आकडा दुकानदाराने उच्चारला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती पहाट उभी राहिली. पैसे मात्र त्या दिवशी दिले नाहीत. मिशनघराचे कौल बदलावयाचे होते, आणि वीस हजार ही आमच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे.

एवढ्यात आमचा भाचा दुबईहून सुटीवर आला. आमच्या थोरल्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा. आईकडून त्याने सारी हकीकत ऐकली होती. आल्या आल्या त्याने एक लहानशी पांढरी पेटी आमच्या हाती ठेवली. "फादरमामा, आता तुमचा फोन कधी दगा देणार नाही," तो म्हणाला. आत आयफोन होता, एस. ई. नावाचा, २०२२ सालचा. भारतात तो आला तेव्हा त्याची किंमत ४३,९०० रुपये होती, हे आम्हांस नंतर कळले. कळले नसते तर बरे झाले असते.

आम्ही खोटे बोलणार नाही. तो फोन आम्हांस फार आवडला. अवघा १४४ ग्रॅम वजनाचा, झग्याच्या खिशात असून नसल्यासारखा. खाली एक वाटोळे बटण. कोठेही भरकटलो तरी ते दाबले की पुन्हा घरी. पाण्याच्या बाबतीत तर तो सॅमसंगहून सरस. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी टिकेल असे त्याचे मानांकन होते. सॅमसंगला तसे कोणतेही मानांकन नव्हते, आणि आमचा मुलूख पावसाचा! शिवाय आयफोन हाती असला म्हणजे बेळगावच्या बैठकीत इतर धर्मगुरूंच्या नजरा कशा वळतील, हा विचारही मनास शिवला नाही असे नाही. दोन दिवस तो आम्ही खिशात घेऊन हिंडलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही आकडे ताडून पाहावयास बसलो. एस. ई. चा घट २०१८ मिलिअँपिअर-तासांचा. म्हणजे सॅमसंगच्या एकतृतीयांश. आता न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एकतृतीयांश घट म्हणजे एकतृतीयांश वेळ असे नव्हे. एस. ई. चा पडदा ४.७ इंचांचा, सॅमसंगचा ६.५ इंचांचा, मोठा पडदा अधिक खातो. शहरात, रोज रात्री भरावयास वीज असणाऱ्या माणसास हा लहान घट सहज पुरेल. पण आमची परीक्षा त्या दुसऱ्या दिवसाची होती, वीज नसलेल्या. मिशनघराचा दिवा गेला की आम्ही शेजारच्या कोणाच्या तरी बॅटरीवर फोन भरून घेतो, तर तेथेही अडचण. गावात सर्वांकडे सी-टाइप तोंडाच्या वायरी, आणि या फोनाचे तोंड निराळे, लायटनिंगचे. कंपनीने पुढे आपल्या नव्या फोनांस सी-टाइप तोंड दिले; या फोनास नव्हते.

खरी गाठ मात्र सिमकार्डात अडली. आमच्याकडे दोन कंपन्यांची कार्डे लागतात. एकीची लहर मिशनघरी येते, दुसरीची जंगलातील वाड्यांत. एस. ई. मध्ये प्रत्यक्ष कार्ड एकच बसते, दुसरे ई-सिम करून घ्यावे लागते. वाड्यांत जिची लहर येते त्या कंपनीकडे ती सोय त्या वेळी नव्हती. मिशनघरी आमच्या नित्याच्या कंपनीचे ई-सिम घेऊन दुसरीचे कार्ड आत घालता आले असते, हे भाच्याने दाखवून दिले, आणि ते खरे होते. परंतु ई-सिमचा फोन बिघडला तर कार्ड काढून तडक शेजाऱ्याच्या फोनात घालता येत नाही. आणि आम्हांस तर फोन बिघडण्याचीच धास्ती बसली होती. सॅमसंगमध्ये दोन्ही कार्डे बसत होती.

भाच्यास हे सांगावे कसे? मुलाने परक्या मुलखात राबून, प्रेमाने आणलेली वस्तू. ती परत करणे म्हणजे त्याच्या प्रेमास किंमत लावणे. आम्ही दोन वेळा विषय काढला आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलून उठलो. शेवटी रविवारी जेवणानंतर त्यास घेऊन आम्ही त्या लांबच्या वाडीस गेलो. प्रयोजन सांगितले नाही. ओढ्याच्या अलीकडे आम्ही थांबलो आणि त्यास म्हणालो, "तुझ्या फोनावरून मला फोन लाव." त्याच्या फोनावर लहर नव्हती, आमच्या नव्या आयफोनात आमचे नित्याचे कार्ड होते, त्यावरही नव्हती. तो बराच वेळ त्या पडद्याकडे पाहात उभा राहिला. मग म्हणाला, "फादरमामा, मी विचारायला हवं होतं." आम्ही म्हणालो, "विचारलं असतंस तर मी हाच माग म्हणून सांगितलं असतं." हे अगदी खरे होते.

तो फोन आता आमच्या बहिणीकडे आहे. संधिवाताने तिची बोटे वाकली आहेत. मोठा फोन तिच्या हातातून निसटतो. ती बेळगावात राहते, वीज सहसा जात नाही, एक कार्ड तिला पुरते. पडद्यावरील चित्रांत ती गोंधळली की ते वाटोळे बटण दाबते. दर शुक्रवारी रात्री ती मुलाचे तोंड पाहते आणि आम्हांस मात्र तोंडदेखलेही धन्यवाद देत नाही, कारण फोन तिच्या मुलाने दिला, भावाने नव्हे, असे तिचे म्हणणे आहे.

सॅमसंग घेण्यासाठी कौलांचे काम एक महिना मागे ढकलले. त्याचा जाच नाही असे कोणी समजू नये. त्याचे वजन २०८ ग्रॅम. झग्याचा खिसा दोनदा शिवून घ्यावा लागला. पेटीत चार्जर नव्हता, तो निराळा घ्यावा लागला. पावसात तो आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून नेतो. त्याचे मुलांस फार हसू येते. पाच वर्षे सुरक्षेच्या सुधारणा मिळतील असे कंपनीने जाहीर केले आहे, म्हणजे २०२८ पर्यंत. घट मात्र त्याआधीच म्हातारा होईल, तेव्हा तो बदलावयाचे पैसे आम्ही आतापासून वेगळे काढीत आहो. आणि आता निजण्यापूर्वी टक्के न पाहता, वीज असो नसो, पन्नासाखाली उतरला की तो भरतोच.

२०२४ च्या जुलैत, रात्री अडीच वाजता, तो उशाशी वाजला. वीज जाऊन दीड दिवस झाला होता. तोच तरुण बोलत होता. त्याच्या पत्नीला कळा सुरू झाल्या होत्या आणि वाडीतील जीप चालू होत नव्हती. आम्ही मिशनघराची जीप काढली. ओढ्यास गुडघाभर पाणी होते. पहाटे आम्ही खानापूरच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर बसलो असताना आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. त्या मुलाने आमच्याकडे फोन मागितला. त्यास सासूस कळवावयाचे होते. आम्ही पिशवी सोडून फोन त्याच्या हाती दिला.