कोपऱ्यातलं फूल

हुबळीहून यल्लापूर-हल्याळकडे गेलात, तर सिद्दी बायकांच्या हातची कवंदी जरूर पाहा. आफ्रिकेतून आणलेल्या आणि गोव्यातल्या गुलामगिरीतून निसटून या रानात आलेल्या माणसांचे हे वंशज. कवंदी म्हणजे जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी. धावदोरा कडेपासून सुरू होतो, फिरत फिरत मध्यावर संपतो. कोपऱ्यांत घडी घातलेल्या तुकड्यांचं ‘फूल’ हवंच; नाहीतर कवंदी उघडी दिसते म्हणतात.

घरी येऊन मी आजीच्या लुगड्याची शिवायला घेतली, पण मधूनच सुरुवात केली. कडेपर्यंत नुसता चोळामोळा! उसवताना लुगडं दोन जागी फाटलं. तिथे ठिगळं लावली. पांघरताना हात आधी त्यांच्यावरच जातो.

तुम्ही मात्र कडेपासूनच सुरू करा.